मदत हवी आहे: पितळी भांड्यांची कल्हई कथलाची आहे की शिसे मिसळलेली, हे कसे ओळखावे?

नमस्कार मंडळी.

सासूबाईंच्या पश्चात कोकणातल्या घरातून पितळेची दोन पातेली, एक लंगडी आणि एक तपेले आमच्याकडे आले. वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिल्यामुळे आतली कल्हई जवळजवळ उडाली होती आणि तळाच्या कडेला हिरवा कळंक धरला होता. भांडी जाड, ठोकीव आणि सुबक असल्याने ती मोडीत घालण्याचा विचारही मनात आला नाही. आमच्या भागात आलेल्या एका फिरत्या कल्हईवाल्याकडून नुकतीच सगळ्या भांड्यांना कल्हई करून घेतली, आणि तेव्हापासून एक शंका पाठ सोडत नाही.

काम मी समोर उभी राहून पाहिले. त्याने भांडे भट्टीवर चांगले तापवले, आत नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर निघाल्यावर हातातली कांडी तापलेल्या तळावर टेकवून ओढली आणि वितळलेला धातू कापसाच्या बोळ्याने भराभर सगळीकडे फिरवून भांडे पाण्यात बुडवले. इथवर सारे लहानपणी पाहिल्यासारखेच होते. मात्र भांडी कोरडी झाल्यावर त्यांची झळाळी चांदीसारखी पांढरी न दिसता निळसर करडी दिसली, आणि पांढरे फडके आतून फिरवले की ते आजही काळसर होते. मजुरीही त्याने इतकी कमी घेतली की, कथलाचा आजचा भाव पाहता त्याला त्यात काय सुटले असेल, हे कोडेच आहे. "कांडी कथलाचीच ना?" असे विचारल्यावर "एकदम शुद्ध आहे, बाई" एवढेच उत्तर मिळाले. त्याच्यावर आरोप करण्याचा माझा हेतू नाही, कारण दुकानदाराने जी कांडी दिली तीच तो बिचारा वापरत असण्याची शक्यता आहे. त्याने एक अर्धवट उरलेली कांडी माझ्या मागण्यावरून मला विकत दिली, ती माझ्यापाशी आहे.

माझ्या वाचनानुसार शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना, परंतु दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र केले की मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होते. गेली काही वर्षे कथलाचा भाव शिशाच्या दसपटीहूनही अधिक राहिला आहे. म्हणजे भेसळ करणाऱ्याचा पैसाही वाचतो आणि श्रमही. घरात दीड वर्षाची नात आहे, त्यामुळे कल्हई केल्यावर दोन वेळा आमटी आणि एकदा अळूचे फदफदे केल्यानंतर मी ही भांडी बाजूला ठेवली आहेत.

जाणकारांकडून मला हे समजून घ्यायचे आहे की, फडके काळे होणे आणि रंग निळसर असणे एवढ्यावरून शिशाचा संशय घेणे रास्त आहे का, आणि नसल्यास घरच्या घरी करता येईल अशी एखादी भरवशाची परीक्षा आहे का. भांड्यात व्हिनेगर ठेवून त्यात पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण टाकल्यावर पिवळा रंग आला तर शिसे आहे असे समजावे, असे एका ठिकाणी वाचले. ते करून पाहावे का? शिवाय नातीच्या बाबतीत आत्ता काही करण्याची आवश्यकता आहे का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आयोडाइडची परीक्षा या भांड्यांवर कृपया करू नका. व्हिनेगरमध्ये उतरलेल्या शिशाशी आयोडाइडचा संयोग होऊन लेड आयोडाइडचा गडद पिवळा साका बसतो, हे खरे आहे. पण कल्हईला कुठे बारीकसे छिद्र असले तर त्याखालच्या पितळेतले तांबेही व्हिनेगरमध्ये उतरते, आणि तांबे आयोडाइडमधून आयोडीन मोकळे करते. आयोडीनचे द्रावण पिवळसर तपकिरी असते. म्हणजे शिशाचा कण नसतानाही तुम्हाला पिवळे दिसेल आणि तुम्ही उगाच घाबराल.

तुम्ही सांगितलेल्या खुणांनी शंका येते, खात्री होत नाही. नवी कल्हई शुद्ध कथलाची असली तरी नवसागराचे अवशेष, काजळी आणि ऑक्साइडची पूड यांमुळे सुरुवातीला फडके काळसर होते. भांडे जास्त तापले असेल तर कथलावरही निळसर झाक येते. पांढऱ्या धुराचा तर धातूशी काहीच संबंध नाही. तो नवसागराचा, म्हणजे अमोनियम क्लोराइडचा धूर आहे. तापल्यावर त्यातून सुटणारे हायड्रोजन क्लोराइड पितळेवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकते आणि म्हणून वितळलेला धातू पृष्ठभागाला धरतो. कांडी कशाचीही असली तरी धूर तोच. नखाने ओरखडा काढून पाहणेही निरुपयोगी आहे, कारण दोन्ही धातू नखापेक्षा मऊ आहेत.

तुमच्याकडे कांडी आहे, हे फार चांगले झाले. भांड्यावरचा थर काही शतांश मिलिमीटर जाडीचा असतो, त्याची परीक्षा घरी कठीण; कांडीची मात्र सोपी आहे. कथलाची घनता घन सेंटिमीटरला ७.३ ग्रॅम आणि शिशाची ११.३ ग्रॅम असते. सोनारकामासाठी मिळतो तसा ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. आधी कोरड्या कांडीचे वजन करा. मग वाटीभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि कांडी दोऱ्याने टांगून, तळाला किंवा कडेला टेकू न देता, पूर्ण बुडवा. आता काटा जे ग्रॅम दाखवील ते कांडीने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. उदाहरणार्थ, १४६ ग्रॅमची कांडी शुद्ध कथलाची असेल तर काटा २० ग्रॅम दाखवील, आणि तिच्यात ४० टक्के शिसे असेल तर सुमारे १७.२ ग्रॅम. कांडीला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकायला विसरू नका, कारण एवढ्याशा फरकात तेही घोटाळा करतात.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. शिसे ५ टक्केच असेल तर काटा १९.६ दाखवील, आणि घरगुती मोजमापात तो फरक सहज हरवतो. तेव्हा घनता ८ च्या वर आली तर भेसळ नक्की समजा, पण ७.३ च्या आसपास आली म्हणून निर्धास्त होऊ नका.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. धातुशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो. निव्वळ शिशाने कल्हई होतच नाही, कारण शिसे आणि तांबे यांचे एकमेकांशी जमत नाही. वितळलेले शिसे तांब्या-पितळेवर पसरण्याऐवजी थेंब धरून राहते. कथील मात्र तांब्याशी संयोग पावून मधे एक पातळ, कठीण थर तयार करते आणि त्या थरामुळे कल्हई घट्ट बसते. त्यामुळे भेसळ नेहमी दोहोंच्या मिश्रणाचीच असते, आणि असे मिश्रण बाजारात राजरोस मिळते: डाख देण्याची (सोल्डरिंगची) कांडी. दिसायला ती कल्हईच्या कांडीसारखीच असते.

कांडी कानाजवळ धरून हळूच वाकवून पाहा. शुद्ध कथील वाकताना बारीक करकर असा आवाज करते, शिसे मुकाट्याने वाकते. पांढऱ्या कागदावर ओढली तर शिशाची करडी रेघ स्पष्ट उमटते, कथलाची जेमतेम. परंतु थोड्या भेसळीत या दोन्ही खुणा फसवतात, म्हणून त्या केवळ घनतेच्या जोडीला ठेवाव्यात.

काही जण सराफाकडच्या क्ष-किरण यंत्रावर भांडे तपासण्याचा सल्ला देतील. ते यंत्र सोन्यासाठी जुळवलेले असते, शिवाय किरण पातळ कल्हई भेदून खालच्या पितळेपर्यंत पोचतात. ओतीव पितळेत, विशेषतः कातकामाच्या पितळेत, दोन-तीन टक्के शिसे मुद्दाम घातलेले असते. ते आकड्यात आले तर दोष कल्हईचा की पितळेचा, हे समजणार नाही. त्यापेक्षा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत भांडेच द्यावे. चिनी मातीच्या भांड्यांसाठी जी रीत आहे, तीच इथे उपयोगी पडते: भांड्यात ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास भरून ठेवतात आणि त्यात किती शिसे उतरले, हे उपकरणाने मोजतात. पोटात जाण्याचा प्रश्न असताना थरात किती शिसे आहे यापेक्षा अन्नात किती उतरते, हे अधिक महत्त्वाचे.

प्रतिसाद ३

नातीबद्दल लिहिते. शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही, आणि त्याच मात्रेतून लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाचपट शिसे शोषले जाते. असे असले तरी दोन-तीन वेळच्या जेवणावरून रात्रीची झोप घालवू नका. बालरोगतज्ज्ञांना सांगून शिरेतल्या रक्ताची शिशासाठी तपासणी करून घ्या. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ पासून मुलांसाठी डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही संदर्भ पातळी धरली आहे, आणि तिच्यापेक्षा आकडा वर आला तर पुढचे डॉक्टर ठरवतील.

धागालेखिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वजनकाटा शेजारच्यांकडून आणून कांडी मोजली; घनता दोन्ही वेळा ८.४ च्या आसपास आली. वाकवताना आवाज आला नाही, कागदावर रेघ मात्र ठसठशीत उमटली. नातीच्या तपासणीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की, याच थरावर शुद्ध कथलाची कल्हई पुन्हा करून घेतली तर चालेल का, आणि पुढच्या वेळी खात्रीचे काम कसे करून घ्यावे.

प्रतिसाद ४

ताई, आमचे घर भांड्यांच्याच व्यवसायातले आहे. वरून पुन्हा कल्हई करणे अजिबात चालणार नाही. भांडे तापले की जुना थर वितळून नव्यात मिसळतो आणि शिशाचे प्रमाण थोडे कमी झाले तरी ते तिथेच राहते. जुना थर पूर्ण उतरवून पितळेचा मूळ पिवळा रंग दिसेपर्यंत भांडे साफ करावे लागते. हे काम घरी करू नका. घासताना उडणारी पूड कल्हईपेक्षा वाईट. जुन्या थराविषयी कारागिराला आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे तोही जपून काम करील. पुण्यातल्या तांबट आळीसारख्या ठिकाणी पिढीजात काम करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे भांडी नेण्याचा त्रास घ्यावा असे मला वाटते.

कथील स्वतः विकत घेऊन द्या. धातूच्या व्यापाऱ्याकडे ९९.९ टक्के शुद्धतेची वीट मिळते. पक्के बिल मागा आणि घेतल्यावर घनता मोजा, आता तुम्हाला ती येतेच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली शिसेविरहित डाखाची तारही कल्हईसाठी नको, कारण तिच्या पोटात राळ भरलेली असते. उरलेले कथील कारागिराकडे न ठेवता परत आणा.

कल्हईविना पितळ वापरावे का, असे पुढे कोणी विचारील म्हणून सांगतो: नको. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही नीट कल्हई न केलेली तांब्या-पितळेची भांडी अन्नासाठी अयोग्य ठरवली होती. ताक, सोलकढी, चिंचेची आमटी अशा भांड्यात कळकते, हे आपल्या घरोघरी ठाऊकच आहे. कथलाचाही किंचित अंश आंबटात उतरतो, परंतु तो शरीरात फारसा शोषला जात नाही. डबाबंद अन्नात कथलाची किलोला २५० मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाने ठेवली आहे, त्यावरून दोन धातूंमधले अंतर लक्षात यावे.

वापरताना रिकामे पातेले गॅसवर ठेवू नका. फोडणीचे तेल धुरावले म्हणजे ते २३२ अंशांच्या जवळ पोचलेले असते आणि कल्हई तळाशी गोळा होऊ लागते, म्हणून फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओतावी आणि तळण या भांड्यांत करूच नये. आत लाकडी डाव वापरा, तारेची घासणी नको. रोजच्या वापरात कल्हई करडी, निस्तेज होईल, त्याची चिंता करू नका; तळाला पितळेचा पिवळा किंवा तांबूस डाग दिसू लागला की मात्र पुन्हा कल्हई होईपर्यंत त्या भांड्यात काही शिजवू नका.