ऑफिसच्या सर्व्हरलाही स्टार असतात का?

गिरगावकर_सीए: फणसवाडीत आमचं सहा जणांचं ऑफिस. टॅलीचा जुना सर्व्हर कपाटामागे चोवीस तास घरघरतोय. रविवारी दुपारी प्लगला मीटर लावला. एकही माणूस लॉगिन नाही, तरी 190 वॅट! महिन्याला 137 युनिट नुसते बसून खातोय, वर त्याला थंड ठेवायला एसी वेगळा. नवा घ्यायचाय. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार म्हणतो, "साहेब, सगळे सारखेच."

रॅकवाला_ऐरोली: सारखे कुठले! अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) मे 2009 मध्ये सर्व्हरसाठी एनर्जी स्टारचे, म्हणजे वीज वाचवणाऱ्या उपकरणांना मिळणाऱ्या लेबलचे, निकष आणले. त्यात पॉवर सप्लाय (मशीनला आतून वीज पुरवणारा भाग) किती वीज वाया घालवतो आणि मशीन रिकामं असताना किती खातं, दोन्ही बघतात. तिथे हे ऐच्छिक. युरोपने मात्र मार्च 2020 पासून किमान निकष सक्तीचे केले. दुकानदाराकडून मॉडेल नंबर घ्या आणि एनर्जी स्टारच्या यादीत स्वतः शोधा.

जुना_हार्डवेअरवाला: पॉवर सप्लायवर 80 प्लसचा शिक्का बघा, तो वीज कमी वाया घालवतो याचं ते प्रमाणपत्र. त्यातल्या वरच्या टायटॅनियम दर्जाची चाचणी 10 टक्के लोडवरही, म्हणजे अगदी कमी काम असतानाही, होते, आणि तुमचा सर्व्हर बहुतेक वेळ तिथेच रेंगाळणार. पण सहा जणांना एवढं धूड हवंय कशाला? आणि रात्री बंद का करत नाही?

गिरगावकर_सीए: बंद केला होता हो एकदा. सकाळी चालूच होईना. आमचे काका अजून उदबत्ती लावतात त्याला.