ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह पुण्यात कुठे मिळेल? अर्जंट!!

भोसरीकर७२: मंडळी, ट्रान्समीटरचा मोठा काचेचा व्हॉल्व्ह हवाय, जुन्या रेडिओत असतो तसला. अख्खी तपकीर गल्ली पालथी घातली, एकाने तर एलईडी बल्ब दाखवला. दोन दिवस मशीन बंद, पार्टी डोक्यावर बसलीय. दुकानाचं नाव सांगा, बाकी काही नको.

पेठी_खरखर: नंबर?

हौशी_हॅम: हॅम रेडिओचं लायसन्स कुठलं? रिस्ट्रिक्टेड असेल तर ५० वॉटच्या वर जाता येत नाही. मी दोन ८०७ नंबरचे व्हॉल्व्ह पॅरलल लावून वर्षानुवर्षं बोलतोय. तुमचा ८१३ असेल तर रशियन जीयू-१३ चालतो.

भोसरीकर७२: कसलं लायसन्स? रेक्झिन चिकटवायचं मशीन आहे. मशीन असं लिहिलंय वर.

पेठी_खरखर: ट्रान्समीटर असंही लिहिलंय वर.

हौशी_हॅम: अच्छा, एचएफ म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी वेल्डिंग. बहुतेक २७.१२ मेगाहर्ट्झ. मग आत ट्रान्समीटरच की, अँटेनाऐवजी तुमची डाय, रेक्झिन दाबणारा साचा.

भोसरीकर७२: मेकॅनिक ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह म्हणाला, म्हणून लिहिलं. नंबर पुसट आहे, ८३३ए वाटतो.

मॉसफेट_मास्तर: २१व्या शतकात व्हॉल्व्ह? काढा तो, सॉलिड स्टेट बसवा, म्हणजे मॉसफेट ट्रान्झिस्टर.

हौशी_हॅम: डायवर एकदा ठिणगी पडली की तुमचे मॉसफेट भरायला परात लागेल. व्हॉल्व्ह असले धक्के पचवतो.

मर्फीप्रेमी: आमच्या मर्फी रेडिओचा मॅजिक आय गेलाय, स्टेशन नीट लागलं का दाखवणारा हिरवा व्हॉल्व्ह, ईएम३४. कुणाकडे आहे का?

सह्याद्री_शशी: बीईएल, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स, ट्रान्समिटिंग व्हॉल्व्ह बनवते ना? पुण्यातच आहे की.

निवृत्त_आरएफ: ते काम बंगळूरचं. पुण्याचं युनिट १९७९ साली अंधारात बघायच्या दुर्बिणीतल्या इमेज कन्व्हर्टर ट्यूबसाठी सुरू झालं, तिथल्या गेटवर जाऊन उभे राहू नका. ८३३ए हवाच असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, चिनी एफयू-३३ सुद्धा चालतो. त्यात अँप्लिफायर बनवणारे ऑडिओवालेही याच्या मागे असतात, त्यामुळे भाव ऐकून बसायला खुर्ची जवळ ठेवा. पण तो गेलाय हे ठरवलं कुणी?

भोसरीकर७२: मेकॅनिकने. मीटर लावला, फिलामेंट शॉर्ट दाखवतं म्हणाला.

निवृत्त_आरएफ: अहो, १० व्होल्ट, १० अँपिअरचं फिलामेंट ते. तापल्यावर एक ओहम, थंड असताना त्याहूनही खूप कमी. साधा मीटर शॉर्टच दाखवणार. मशीनला नेमकं होतंय काय?

भोसरीकर७२: चालू होतं, पण वेल्ड कच्चं, हाताने सुटतं. म्हणून बंद ठेवलंय. मोठा व्हॉल्व्ह नेहमीसारखाच पेटतो. बाजूला दोन छोटे आहेत, त्यातल्या एकात निळा उजेड आहे, दुसऱ्यात नाही.

हौशी_हॅम: निळा म्हणजे आत गॅस. निळावाला गेला.

निवृत्त_आरएफ: उलटं सांगताय. मोठ्यात आतून निळं दिसलं तर काळजी. छोटे बहुधा ८६६ए रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारे, पाऱ्याच्या वाफेचे. ते निळेच हवेत. ज्यात उजेड नाही तोच संशयित. एक बाजू गेली की हाय व्होल्टेज पडतं, मग वेल्ड कच्चं राहणारच.
दोघांची जागा बदलून बघा. त्याआधी मेन स्विच बंद करून कपॅसिटर डिस्चार्ज करा. नुसतं बंद करून हात घालू नका, आत हजारोंत व्होल्ट असतात. छोटे उलटे धरू नका, आणि बसवल्यावर आधी अर्धा तास नुसतं फिलामेंट तापवा, पारा खाली बसू दे.

मॉसफेट_मास्तर: तिथे सिलिकॉन डायोडची माळ लावा. पारा नको, तापवणं नको.

निवृत्त_आरएफ: हे मात्र खरं. फक्त टायमर काढू नका. मोठ्याचं फिलामेंट तापायच्या आत हाय व्होल्टेज गेलं तर तोही जाऊ शकतो, मग लॅमिंग्टन रोड आहेच.

भोसरीकर७२: बदलली जागा. अंधारही त्याच्याबरोबर पलीकडे गेला. आता ८६६ए कुठे मिळेल?

पेठी_खरखर: नंबर आधी दिला असतात तर कालच जुन्या बाजारात बघितलं असतं, रविवार होता. आता बुधवारी.

भोसरीकर७२: परवापर्यंत पार्टी थांबायची नाही. डायोडची माळ कोण बनवून देईल? भोसरीतला असेल तर बरं.

मर्फीप्रेमी: कुणी बुधवारी जाणार असेल तर ईएम३४ दिसतो का बघा हो.