साताऱ्यात काय ठेवलंय? फलटणच्या मेंढ्या!
एकांनी भाचीसाठी करिअरचा सल्ला विचारलाय, आणि त्यांना उत्तर मिळालंय की प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र आणि जनुकशास्त्र यात करिअर म्हणजे पुणे, बंगळूर नाहीतर थेट परदेश; साताऱ्यात काय ठेवलंय? अहो, फलटण साताऱ्यातच आहे की!

तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत ('नारी') डॉ. चंदा निंबकर यांनी मेंढ्यांवर केलेलं काम बघा. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गारोल मेंढी अंगानं एवढीशी, पण जुळी-तिळी सर्रास. कारण फेक-बी हे जनुक. २००१ मध्ये कळलं की सगळा फरक डीएनएतल्या एका अक्षराचा, ए च्या जागी जी. त्यामुळे अंडाशयातला एक रिसेप्टर (पेशीवरचं संदेश पकडणारं प्रथिन) मंदावतो, बीजपुटिका (ज्यांत बीज वाढतं त्या पिशव्या) लहान असतानाच पक्व होतात आणि एका माजात जास्त बीजं सुटतात. पूर्वी नर या जनुकाचा वाहक आहे का, हे त्याच्या लेकींच्या वेतातली कोकरं मोजून ठरवायचे. त्यात वर्षं जायची. आता थोडं रक्त घेऊन पीसीआर (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून तपासायची चाचणी) केलं की भागतं.

आधी गारोलशी संकर, मग पुन्हा पुन्हा दख्खनीशी. अंगलट इथली, जनुक तेवढं तिकडचं. हीच 'नारी सुवर्णा' मेंढी.

माझ्या मते खरी परीक्षा धनगरांच्या कळपात झाली. दोन कोकरांना दूध पुरतं का, वाटचालीत ती टिकतात का, हे मेंढपाळच सांगणार (आणि तोंडावर सांगणार!). अशी आकडेवारी गोळा करायला पीसीआरपेक्षा जास्त चिकाटी लागते.

भाचीला म्हणावं, प्रवेशाचे फॉर्म भरण्याआधी फलटणला विचारून एक चक्कर मारून ये.