पेशवे दरबाराचे डॅनियलचे चित्र पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावे?

प्रश्न : पुण्याच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवराव पेशव्यांशी टिपूविरुद्धचा तह पुरा करीत आहे, असे दाखवणारे थॉमस डॅनियलचे तैलचित्र आपल्याकडे अनेकदा छापले जाते. तह १७९० चा आणि चित्र १८०५ चे, म्हणून विचारतो की यातले चेहरे आणि वाडा कितपत खरे मानावेत?

उत्तर १ : चित्र मुळात मॅलेटच्या इच्छेने ठरले, हे आधी ध्यानात घ्यावे. या तहाच्या कामगिरीबद्दल त्याला १७९१ मध्ये बॅरोनेट ही पदवी मिळाली होती आणि आपल्या कारकिर्दीतला तो मानाचा प्रसंग कॅनव्हासवर राहावा, अशी त्याची इच्छा असणे स्वाभाविकच होते. काम जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराकडे आले. पण वेल्स मुंबईत उतरला तोच १७९१ मध्ये, म्हणजे प्रसंग होऊन गेल्यावर. त्याने पुण्यात राहून दरबारी मंडळींची रेखाटने केली, मात्र १७९५ च्या नोव्हेंबरात तो वारला. पुढे १७९९ मध्ये त्याची मुलगी सुझाना हिचा विवाह मॅलेटशीच झाला आणि वेल्सच्या रेखाटनांवरून डॅनियलने इंग्लंडमध्ये चित्र पूर्ण केले. म्हणजे तो क्षण दोघांपैकी एकाही चित्रकाराने पाहिलेला नव्हता.

उत्तर २ : वरील मुद्दा मान्य, तरीही म्हणून चित्र बाजूला सारू नये, असे मला कळकळीने वाटते. वेल्सनेच १७९२ मध्ये रंगवलेले सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे एकत्र चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्यात मोत्यांच्या माळा ल्यालेला अठरा वर्षांचा पेशवा, शेजारी बसलेले नाना आणि मागे सेवक आहेत. नानांचा तो लांबट, कृश चेहरा समोर बसवून पाहिलेल्या माणसाचा आहे, ठोकळेबाज नव्हे. दरबारचित्रातल्या प्रमुख व्यक्ती या चित्राशी ताडून पाहाव्यात. जिथे मेळ बसतो तिथे विश्वास ठेवावा. गर्दीतल्या प्रत्येक सरदाराची ओळख मात्र इतक्या खात्रीने सांगता येणार नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आणि वाड्याचे काय?

उत्तर २ : तिथे तर चित्राचे मोल अधिकच आहे. शनिवारवाड्यातला गणेश रंगमहाल १८२८ च्या आगीत गेला. महालातले सुरूच्या आकाराचे लाकडी खांब, त्यांवरच्या कमानी आणि मागची गणेशमूर्ती चित्रात दिसते. मॅलेटच्या पुढाकाराने वाड्यात चित्रशाळाही सुरू झाली होती. तिथे तयार झालेला गंगाराम तांबट हा चित्रकार त्या काळातील वास्तू आणि लेणी काळजीपूर्वक रेखाटत असे. तहाच्या दिवशी कोण कुठे बसले होते, हे मात्र कागदपत्रांवरूनच ठरवावे. चित्रातली आसनव्यवस्था मॅलेटला जशी हवी होती तशी असण्याचा संभव दाट आहे.