दिवेआगरला आठजणी, शनिवार-रविवार: गाडी, मुक्काम, पैसे आणि हरिहरेश्वरची ओहोटी

मेधा_कोथरूड

आम्ही आठ मैत्रिणी, वयं ४५ ते ५८. डिसेंबर-जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार दिवेआगरला जायचं ठरतंय. सातजणी पुण्याच्या, एक ठाण्याची. एकीचे गुडघे दुखतात. तिघी शाकाहारी, बाकीच्यांना मासे हवेतच. रविवारी हरिहरेश्वरला देवळामागच्या खडकांवरून, समुद्राच्या कडेने जाणाऱ्या प्रदक्षिणामार्गाने फिरायची सगळ्यांची इच्छा आहे. दोन कार न्याव्यात की एक मोठी गाडी करावी? घर घेताना नेमकं काय विचारायचं? आणि पैशांचा हिशेब कसा ठेवावा, म्हणजे नंतर कुणाच्या मनात काही राहणार नाही? ज्यांना हा भाग नीट ठाऊक आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

सुरूचं_बन

मेधाताई, आधी पंचांग उघडा, घर नंतर शोधा. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच होते आणि ओहोटी तुमच्या रविवारसाठी थांबत नाही.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. शुक्ल असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून. पंचमीला पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचारला भरती. त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराला येते, म्हणजे ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी सव्वापाचला. पहाटे अंधार, संध्याकाळी परतीचा उशीर, म्हणून तो रविवार नको. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला असते, पण ते दिवस भांगाचे. पाणी फारसं मागे हटत नाही आणि खडकांवर पुरेशी वाट उघडी पडत नाही. तेव्हा तृतीया ते पंचमीचा रविवार निवडा. त्यातही कृष्ण चतुर्थी टाळा, संकष्टीला दिवेआगरच्या सुवर्णगणेशाला मोठी गर्दी असते. तारीख ठरली की त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळ पुन्हा पडताळा. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पायऱ्या उतरायच्या आणि पाणी परत फिरायच्या आत वर यायचं. उलट केलं, म्हणजे ओहोटी झाल्यावर उतरलं, तर अर्ध्या वाटेत भरती गाठते आणि एका बाजूला उभा कडा असतो. इथे माणसं वाहून गेलेली आहेत, म्हणून "एवढ्यात काय होतंय" हे कुणालाही म्हणू देऊ नका. उतरण्याआधी देवळाजवळच्या लोकांना समुद्राचा रंग विचारा. ते नको म्हणाले तर नको. खडकांवर शेवाळ असतं, म्हणून मागे पट्टा असलेले सँडल घाला. साध्या चपलांनी घसरायला होतं. फोटोसाठी पाण्याच्या कडेला पाठ करून उभं राहायचं नाही. जिचे गुडघे दुखतात तिने या वाटेला जाऊ नये, पायऱ्या उंच आहेत आणि पुढे सपाट जमीन नाही. तिच्यासोबत एकीने वर थांबावं. काळभैरव आणि हरिहरेश्वराचं दर्शन निवांत होतं, आधी काळभैरव.

दिवेआगर ते श्रीवर्धन किनाऱ्याकिनाऱ्याने शेखाडीवरून जा, तिथून पुढे हरिहरेश्वर. सगळं मिळून दीड तास धरा. पंचमीच्या रविवारी सकाळी सव्वासहाला निघालात तर वाटेत शेखाडीला दहा मिनिटं थांबूनही हाती वेळ राहतो. येताना श्रीवर्धनला रोठा सुपारी घ्या.

घाटवाट

गाडीबद्दल. दोन कार नकोत. दोघींना पूर्णवेळ चालवावं लागतं आणि ताम्हिणी घाटात मोबाइलची रेंज जाते, मग पुढची गाडी कुठे आहे तेच कळत नाही. पिवळ्या पाटीची, १२-१३ सीटची टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. आठजणी आणि सामान आरामात बसतं.

भाडं ठरवताना एक गोष्ट समजून घ्या. बाहेरगावच्या फेरीला बहुतेकजण दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटरचं किमान भाडं लावतात, गाडी तेवढी फिरो न फिरो. कोथरूड ते दिवेआगर ताम्हिणी-माणगाव-म्हसळा मार्गे सुमारे १६०, म्हणजे जाऊनयेऊन ३२०. हरिहरेश्वर आणि गावातलं फिरणं शंभर धरा. एकूण ४२०, आणि पैसे तुम्ही ५००-६०० किलोमीटरचे देणार आहात. त्यामुळे हरिहरेश्वरला जाण्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. किलोमीटर कुठून मोजणार (तुमच्या दारापासून की गाडीच्या गॅरेजपासून), ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग, रात्रीचा जादा आकार आणि ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय कोण करणार, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. ड्रायव्हरला रात्री नीट झोप मिळाली नाही तर रविवारी घाटात त्याचा त्रास तुम्हालाच होणार. घरमालकाला त्याच्यासाठी जागा आधीच मागा.

सकाळी सहाला निघा. डिझेल पिरंगुटलाच भरलेलं असू द्या. स्वच्छतागृहासाठी पौडच्या आसपास एकदा थांबा, पुढे माणगावपर्यंत भरवशाची जागा नाही. गाडी लागणाऱ्या मैत्रिणीला पुढच्या सीटवर बसवा, मोबाइल बघू देऊ नका आणि गोळी घाटात नको, घरून निघतानाच द्या. रिकाम्या पोटी आणि तुडुंब खाऊन, दोन्ही वाईट. एखादी पोळी किंवा लाडू पुरे, नाश्ता माणगावला.

ठाण्याच्या ताईंनी पुण्याला यायची गरज नाही. दिवा स्टेशनहून सकाळी सुटणारी सावंतवाडीची रेल्वेगाडी माणगावला थांबते, तिथेच त्यांना घ्या.

परतताना माणगावला मुंबई-गोवा महामार्गाची रविवारची कोंडी लागते. हरिहरेश्वरहून थेट परत फिरलात आणि दुपारी एकपर्यंत जेवून निघालात तर उजेडात ताम्हिणी ओलांडाल. त्यासाठी खोल्या सकाळीच सोडून सामान गाडीत टाका. दिवेआगरला परत यायचं म्हटलं की दीड तास वाया.

बजेट फारच कमी असेल तर एसटीही आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. स्वारगेटहून श्रीवर्धनची गाडी पकडायची. दिवेआगरला जवळचं मोठं गाव बोर्ली पंचतन, तिथून रिक्षा. पण मग ओहोटीची वेळ गाठणं अवघड होतं, म्हणून तुमच्या बेताला मी गाडीच सुचवेन.

वाडीतली_सरिता

घराबद्दल. खोल्या किती यापेक्षा न्हाणीघरं किती ते आधी विचारा. आठजणींना दोन न्हाणीघरं असतील तर सकाळी सव्वासहाला निघणं होणारच नाही. तीन तरी हवीत. मग हे विचारा:

कमोड आहे का, आणि तो तळमजल्यावर आहे का (गुडघ्यांसाठी). गरम पाणी गिझरचं की बंबाचं, आणि किती वाजता मिळेल. दाराला आतून कडी आहे का. मालकांचं कुटुंब त्याच आवारात राहतं का, की रात्री फक्त राखणदार असतो. त्याच रात्री दुसरा ग्रुप आहे का. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. किनाऱ्यापर्यंत चालत किती मिनिटं, आणि त्या वाटेवर दिवे आहेत का. ओल्या कपड्यांनी चालत येऊन थेट मागच्या नळावर पाय धुता येत असतील तर ते घर पहिलं. किनाऱ्यावर कपडे बदलण्याच्या सोयीवर अवलंबून राहू नका.

जेवणाचं लक्षात घ्या: दिवेआगरात बरीच घरं फक्त शाकाहारी आहेत, आणि तिथे बाहेरून आणलेले मासेही चालत नाहीत. त्यांचा मान ठेवा. मुक्काम शाकाहारी घरात आणि शनिवारचं एक जेवण मासळीच्या खानावळीत, असं केलं की दोन्हीकडच्यांचं भागतं. त्या खानावळीलाही आदल्या दिवशी फोन करून किती थाळ्या आणि कुठली मासळी ते सांगा. उकडीचे मोदक ऐनवेळी मिळत नाहीत, आकडा आदल्या दिवशी द्यावा लागतो. माणशी दोन सांगा, सोबत आमटी-भात असतोच.

पाळीचं सामान घरून न्या, गावात हवं ते मिळेलच असं नाही. कागदात गुंडाळून ठेवायला जुनी वर्तमानपत्रं आणि एक वेगळी पिशवी ठेवा. संडासात टाकलं तर शोषखड्डा तुंबतो आणि ते निस्तरणं घरच्यांवर येतं.

मेधा_कोथरूड

खूप आभार. पंचमीचाच रविवार बघते. पैशांचं कुणी सांगेल का? मागे एकदा दोघींनी ऐनवेळी रद्द केलं होतं.

जमाखर्च

खर्चाचे दोन भाग पाडा. गाडी आणि घर हा ठरलेला खर्च, कुणी येवो न येवो तो तेवढाच. जेवण आणि मोदक हा माणशी खर्च. समजा गाडीचे १६,००० झाले. आठजणींत प्रत्येकी २,०००, सहाजणींत प्रत्येकी जवळपास २,६७०. हा फरक उरलेल्यांनी का भरायचा? म्हणून नियम असा करा: आगाऊ रक्कम भरण्याच्या दिवसानंतर जी रद्द करेल ती गाडी-घराचा आपला वाटा देईल, जेवणाचा नाही. तिने बदली मैत्रीण आणली तर तिचे पैसे तिला परत. हा नियम पैसे गोळा करायच्या आधी ग्रुपवर टाका आणि आठही जणींचं "मान्य" येऊ द्या. नंतर सांगितलात तर तो एकीवरचा राग वाटतो.

पैसे एकीकडेच जमा करा, आणि घर-गाडी ठरवणारी दुसरी असू द्या. निघण्याआधी प्रत्येकीकडून अंदाजे खर्चाच्या वर दहा टक्के घ्या, उरले तर परत. मासे खाणाऱ्यांच्या थाळीचा फरक त्यांचा त्यांनी भरायचा, सुपारी-कोकमाची खरेदी जिची तिची. तीन-चार हजार रोख सुट्ट्यांसह ठेवा, रेंज गेली की यूपीआय चालत नाही. घरमालकांना आगाऊ रक्कम पाठवताना तारीख, खोल्या, माणसं आणि रद्द केल्यास किती परत मिळतील हे त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि मगच पाठवा.

सुरूचं_बन

एक राहिलं. शनिवारी पंचमीच्या आदली तिथी, म्हणजे भरती दुपारी तीनला. जेवून लगेच पाण्यात जाऊ नका. भरतीनंतर पाणी ओसरायला लागतं आणि ओसरतं पाणी आत ओढतं, म्हणून गुडघ्यापर्यंतच. बनाना राइड घेणार असाल तर लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावून घ्या, आणि अंगाला सैल असेल तर दुसरं मागा.