मदत हवी आहे: जाळीत अळ्या कमी काहून?

सागवाला: एमेस्सीचा प्रोजेक्ट आहे, सोमवारी गाईडला आकडे दाखवायचेत. पक्षी अळ्या खातात म्हणून काही फांद्या जाळीत बांधल्या, अर्ध्या झाडांखालची रायमुनिया काढली, अर्ध्यांखाली ठेवली. जाळीत अळ्या जास्त पाहिजे होत्या ना? तर उघड्या फांद्यांवरच जास्त निघाल्या, रायमुनिया असो नसो. काय चुकलं ते लवकर सांगा.

कोतवाल: कुठलं झाड? कुठला जिल्हा, महिना? रायमुनिया म्हणजे घाणेरीच ना?

सागवाला: साग, नावातच आहे की. भंडारा, जंगलाला लागून मालकीचं सागवान. मोजणी जुलैत. हो, घाणेरी, टणटणी, जे म्हणायचं ते म्हणा.

रानवाटा: नुसती कापली असेल तर दुप्पट फुटेल. जमिनीखाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, आम्ही तेच करतो.

बुलबुलप्रेमी: सरसकट काढू नका हो, बुलबुल तिचीच फळं खातात.

रानवाटा: आणि बी कोण पसरवतं? तुमचे लाडके बुलबुलच!

कोतवाल: ते भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. जाळी कसली, भोक केवढं, बांधली कधी?

सागवाला: मच्छरदाणीचं कापड, दुसरं काय. पालवी फुटली तेव्हाच बांधली, काढलीच नाही.

कोतवाल: मग झालं की, पतंगाची मादीच आत गेली नाही तर अंडी काय तुम्ही घालणार? पक्षी अडवायला बागेची नायलॉन जाळी घ्या, साधारण २ सेंटिमीटर भोकाची, पतंग जातो, पक्षी अडतो. आणि चोवीस तास बांधली की वटवाघळंही अडतात, तीही पतंग खातात, मग फरक नेमका कोणामुळे पडला ते कसं कळणार? रात्री काढून सकाळी लावा.

सागवाला: रात्री तिकडं अस्वल असते. तुम्ही येता का?

फवारणीवाला: ५ टक्के निंबोळी अर्क मारा, एक अळी राहणार नाही.

सागवाला: अहो मला अळ्या हव्या आहेत!!

किडामुंगी: पान शिरांपर्यंत खाल्लंय की चाळणी झालंय? पावसाच्या सुरुवातीला कोवळी पानं फस्त करते ती हिब्लिया. तिची मोठी अळी रेशमाच्या धाग्यानं खाली उतरते आणि खालच्या झुडपांच्या पानांत नाहीतर पाचोळ्यात कोष करते. रायमुनियाचा परिणाम बघायचा असेल तर नुसत्या फांद्या काय मोजता, खालचे कोष मोजा. अर्थात पतंग लांब उडून जातात, पुढची पिढी त्याच झाडावर दिसेल असं नाही.

कोतवाल: पण हंगाम गेला ना त्याचा.

किडामुंगी: हिब्लियाचा गेला असेल. पानांची चाळणी करणारी अळी ऑगस्टनंतर निबर पानांवर येते. आत्ता जाळी बदलली तर ती तरी मिळेल.

सागवाला: चाळणीवाली अजून दिसली नाही. ती नायलॉन जाळी मीटरवर मिळते का किलोवर? नागपुरात कुठं?

कोतवाल: फांद्या किती आहेत ते आधी सांगा, अजून सांगितलंच नाही.