तारकर्लीवरून गेलेली लढाऊ विमाने आणि मागून आलेला आवाज

प्रश्न (मालवण): ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाची प्रात्यक्षिके पाहायला आम्ही तारकर्लीच्या पुळणीवर उभे होतो. मिग-२९के विमानांचा गडगडाट ऐकून मान वळवावी, तोवर विमान बरेच पुढे गेलेले असे आणि छातीत मात्र अजून हादरा जाणवत राही. असे का होते? आणि एवढे वेगवान विमान जहाजावर थांबते तरी कसे?

उत्तर १ (रत्नागिरी): ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. तीन किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज पोहोचायला जवळपास ९ सेकंद लागतात आणि ताशी ९०० किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्यात सव्वादोन किलोमीटर पुढे सरकते. पुढच्या वेळी आवाजाच्या बरीच पुढे नजर ठेवा.

उत्तर २ (वास्को): ही विमाने दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरची. जहाजावर उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवरच्या आडव्या पोलादी दोरांपैकी एकात अडकतो. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की, चाके टेकताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी करत नाही, उलट पूर्ण वाढवतो. कारण आकडा चुकला तर त्याला त्याच क्षणी पुन्हा आकाशात झेपावावे लागते. सरावासाठी हंसावर जमिनीवरच तसे दोर आणि उड्डाणाचा चढ उभारला आहे. नौदलाचे तेजस १३ सप्टेंबर २०१९ रोजी दोराच्या साहाय्याने पहिल्यांदा थांबले, तेही तिथेच.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. आकडा चुकण्याची तयारी आधीच ठेवलेली असते, हे मला ठाऊक नव्हते.